पाहुण्याच्या विमानातलं मणभर ओझं

माझ्या हातून एक विमान पडलेलं आहे. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. आजी, तुला मोबाइल लावता येत नाही, तू विमान कसलं पाडतेस, म्हणतात. हसा म्हणावं. ज्या जागी ते पडलं तिथे आता कंपनीच्या कोऱ्या गाड्या ओळीने उभ्या असतात आणि वॉचमन मला फाटकाच्या आत सोडत नाही, त्यामुळे जागा काही दाखवता येत नाही.

वर्ष कोणतं ते नक्की सांगता येणार नाही. साठ साल अजून लागलं नव्हतं, पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहायला लागले होते आणि माझ्या लग्नाला दुसरा उन्हाळा चालला होता. मी कासारवाडीची, रेल्वेरुळाकाठी वाढलेली, सातवी फायनल झालेली. दिली कुठे, तर चाकणच्याही पलीकडच्या खेड्यात. घरात मामंजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आमचे धनी आणि मी. मामंजी गावचे पंच होते, त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. घर मात्र आत्याबाईंच्या शब्दावर चालायचं आणि त्या तर कधी मोठ्याने बोलतसुद्धा नसत.

चैत्र सरत आला होता. कांदा काढून पडवीत पसरलेला होता. एका संध्याकाळी वळवाचं वारं उठलं, धुळीने समोरचा गोठा दिसेना. त्या धुळीत मला घरघर ऐकू आली. मोटार असेल म्हणून दारात आले, तर घरघर डोक्यावर! कौलं उडतील की काय इतक्या खालून एक विमान गेलं आणि वरच्या अंगाला गायरानात उतरलं.

गायरान म्हणजे गुरं चरायचा लांबट माळ. एका टोकाला म्हसोबाचा दगड, दुसऱ्या टोकाला ओढा आणि ओढ्याच्या काठाने बाभळी. सगळा गाव काठ्या घेऊन धावला. विमानातून पंचविशीचा एक पोरगेलासा माणूस उतरला, त्याने डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार. थोडं पाणी मिळेल का?"

झालं! दारात येऊन पाणी मागितलं की तो आमच्याकडे पाहुणा होतो, मग तो आभाळातून येवो नाहीतर एसटीतून. मामंजींनी काठी खाली टाकली आणि त्याला हाताला धरून घरी आणलं. पाहुणा पुण्याचा होता, लोकांना विमान शिकवायचा. नाशिकहून विमान घेऊन एकटाच परत निघाला होता आणि वाटेत वावटळीत सापडला होता.

उजेड होता तेवढ्यात त्याने आम्हा बायकांनाही विमान दाखवलं. दोन माणसं एकामागे एक बसतील एवढंच ते होतं. मी हात लावून बघितलं आणि म्हटलं, "अगं बाई, हे तर कापड आहे!"

"हो वहिनी," तो हसला. "कापड, लाकूड आणि तारा. म्हणून तर उडतं."

मागच्या बाजूला, शेपटीकडे, एक छोटं दार होतं. ट्रंकेला असते तशी त्याला कडी. ती उघडून त्याने हत्यारांची पिशवी आणि ताडपत्री बाहेर काढली आणि धन्यांकडे दिली. "हे तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या आठवड्यात एसटीने येऊन घेऊन जाईन. तुमचं मैदान आखूड आहे. उद्या जेवढं हलकं जाता येईल तेवढं बरं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हा मला कळलं नव्हतं असं मी कुणालाच सांगितलेलं नाही आणि आताही सांगत नाही.

रात्री जेवताना आत्याबाईंनी घरची चौकशी केली. घरी कोण कोण असतं? आई नाही, वडील आहेत, बायको आहे. मुलंबाळं? तो ताटात बघत म्हणाला, "सातवा महिना चालू आहे."

"पयलटकरीण?"

"हो."

आत्याबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला त्यांचा चेहरा वाचता यायला लागला होता. माय नसलेलं घर आणि सातव्या महिन्याची पोर. आता हा माणूस या घरातून तसाच जाणार नाही हे मला तिथेच कळलं.

पहाटे आम्ही उठलो तर पाहुणा गायरानात हजर. पावलं टाकून जमीन मोजत होता. गावातली माणसं दगड वेचायला लागली, घुशींची बिळं मुरूम टाकून बुजवली, गुरं दुसरीकडे हाकली. ओढ्याच्या अलीकडे बऱ्याच अंतरावर त्याने एक काठी रोवली आणि तिला मामंजींचा पांढरा पंचा बांधला. म्हणाला, "इथपर्यंत चाकं सुटली नाहीत तर मी थांबणार. थांबायला पुढे जागा पुरेल. फक्त मला ऊन चढायच्या आत निघायला हवं. ऊन तापलं की हवा पातळ होते, मग पंखांना ती उचलत नाही."

"हवा पातळ व्हायला ती काय आमटी हाय व्हय?" मामंजी म्हणाले आणि सगळा माळ हसला. पाहुणाही हसला. तिथे त्याने हसायला नको होतं, ओरडायला हवं होतं. पण ज्याच्या घरी रात्री जेवलो त्याच्यावर सकाळी कोण ओरडतं?

इकडे आत्याबाईंनी पुरण शिजत घातलं होतं. पाहुणा दर थोड्या वेळाने ओसरीवर येऊन म्हणायचा, "आई, मी निघू का?" आणि आतून उत्तर यायचं, "ह्ये काय, झालंच." भीक नको पण कुत्रं आवर अशी त्याची गत झाली होती. पोळ्यांना आठ वाजले, पंगत बसायला नऊ.

पंगतीच्या आधी आत्याबाईंनी त्याच्या बायकोसाठी ओटी दिली. नारळ, खण, मूठभर तांदूळ. त्याने ती डोक्याला लावून घेतली. मग त्यांनी मला खूण केली आणि मी आतून पोतं आणि गाठोडं आणून ठेवलं. वीस शेर कांदा, शेंगा, गुळाची एक ढेप आणि डबाभर लाडू. पाहुण्याचा चेहरा उतरला. त्याने हात जोडले.

"आई, खरंच नको. माझ्या विमानाला वजन चालणार नाही. मी परत येईन तेव्हा सगळं नेईन."

"बरं बाबा," आत्याबाई म्हणाल्या.

आता हे समजून घ्यायला हवं. आमच्याकडे पाहुणा 'घेतो' असं कधीच म्हणत नाही. तो नको म्हणतो, आपण ठेवतो, तो पुन्हा नको म्हणतो, आपण पिशवीत कोंबतो. एकदा नको म्हटल्यावर खरोखरच जो थांबला, त्याला पाहुणा गावभर नावं ठेवतो. आत्याबाईंच्या साठ वर्षांच्या आयुष्यात मनापासून नको म्हणणारा माणूस त्यांना भेटलेलाच नव्हता. त्यात ओटीचं देणं! पोटुशीचं माघारी ठेवायचं म्हणजे तिच्या पोटातल्या जिवाचं ठेवून घ्यायचं.

पाहुणा पंगतीला बसला तशा आत्याबाई माझ्या कानाशी आल्या. "तू बघितलंस न्हवं ते दार? जा. गुमान ठेवून ये. घरी जाऊन उघडंल तवा तिचं डोळं कसं व्हतील!"

मी दोन खेपा केल्या. माळावर राखणीला दोन म्हातारे होते, ते बाभळीखाली डुलक्या काढत होते. मी कडी उघडली, कांद्याचं पोतं आत सारलं, त्यावर ढेप, शेंगा, लाडवांचा डबा. नीट बसवलं, संसारी बाईसारखं, काही सांडू नये म्हणून. कडी लावली. मला हसू येत होतं. त्याच्या बायकोला मी कधी बघितलं नव्हतं, पण ती लाडू खाताना मला दिसत होती. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून माझा माझ्यावर संताप होतो.

पाहुणा आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. त्याने घाईघाईने पंखांच्या तारा ओढून बघितल्या, चाकं बघितली. मागच्या दाराकडे तो गेला नाही. कशाला जाईल? काल त्याने स्वतः ते रिकामं केलं होतं. धन्यांनी त्याने शिकवल्याप्रमाणे पुढचा पंखा हाताने फिरवला, इंजिन धडधडलं, आणि पाहुण्याने आत्याबाईंना हात केला.

विमान म्हसोबापासून सुटलं. काल विमान दाखवताना पाहुण्याने सांगितलं होतं, धावता धावता आधी शेपटी उठते, मग चाकं सुटतात. आज शेपटी उठेना. ती धूळ उडवत जमिनीवरून चालली होती. मी आत्याबाईंचा हात घट्ट धरला. पंचा बांधलेल्या काठीपाशी चाकं सुटली! माणसांनी आरोळी ठोकली. पण त्याचं नाक वरच, शेपटी खालीच. असं ते बाभळींपर्यंत गेलं, तिथे हवेत क्षणभर थांबलं, डावीकडे कललं आणि ओढ्यात पडलं. मोठा आवाजही झाला नाही. फाटी मोडावीत तेवढाच.

धनी सगळ्यांच्या आधी पोचले. पेट घेतला नाही ही म्हसोबाची कृपा. पाहुण्याची मांडी मोडली होती, जबडा फुटला होता. बैलगाडीत पेंढ्यावर घालताना मी त्याच्या तोंडात पाणी सोडलं. तो मला बघत नव्हता. तोंडातून फेस आणि रक्त येत होतं आणि तो एकच बोलत होता, "थांबायला हवं होतं. मी थांबायला हवं होतं." चाकणपर्यंत बैलगाडी आणि तिथून एका ट्रकवाल्याने त्याला पुण्याला पोचवलं.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही ओढ्याकडे वळलो. मोडक्या विमानाच्या मागे ओढाभर कांदा पसरला होता.

मामंजींनी कांदे बघितले, मग आत्याबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "येचा," म्हणाले. "फौजदार यायच्या आत समदं येचा. आन् कुणी बोलला तर त्याला गावात जागा न्हाई."

तासाभरात बायकांनी एकही कांदा ठेवला नाही. गुळाचे तुकडेसुद्धा वेचले, मुंग्या लागतील म्हणून. आत्याबाई घरी आल्या आणि चुलीपाशी बसल्या त्या दोन दिवस तिथून हलल्या नाहीत. भाकरी करायच्या, स्वतः खायच्या नाहीत.

चौथ्या दिवशी फौजदार आले आणि बरोबर मुंबईचे एक साहेब. विमान पडलं की का पडलं हे बघायचं त्यांचं काम. पिकलेल्या केसांचे, शांत गृहस्थ होते. दिवसभर त्यांनी माळ मोजला, चाकांच्या खुणा बघितल्या, मोडक्या तारा हातात घेऊन बघितल्या. गाव लांबून बघत होता. चोराच्या मनात चांदणं, तसं साहेब जरा खाली वाकले की आम्हाला वाटायचं, सापडलं. दुपारी ते आमच्या ओसरीवर टेकले. फौजदारांनी एकेकाला विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं.

मी चहा घेऊन दाराआड उभी होते. साहेब फौजदारांना सांगत होते, "पोराने शेपटी उचललेलीच नाही, चाकोरी बघितलीत ना? शेवटपर्यंत खालीच. अशाने विमान वेळेआधी जमीन सोडतं पण वर जाऊ शकत नाही. त्याला ते कळायला हवं होतं. त्यात आखूड जागा, एवढं ऊन. वाईट वाटतं, पण लायसन जाणार. दुसऱ्याला शिकवणारा माणूस, आणि असं करतो."

"त्यो काय म्हणतो?" फौजदारांनी विचारलं.

"तोही तेच म्हणतो. माझी चूक."

आत चुलीपाशी आत्याबाईंनीही ऐकलं होतं, त्या माझ्याकडे बघत होत्या. मला भीती कशाची वाटत होती सांगू? तुरुंगाची नाही. मामंजींची. त्यांच्यासमोर मी तोवर एक वाक्य बोलले नव्हते आणि चार परक्या पुरुषांत तर पदरसुद्धा कपाळावरून मागे गेला नव्हता. आत्याबाईंनी मान हलवली. जा, अशी हलवली की नको अशी, हे मला आजतागायत माहीत नाही. मी ती जा अशी धरली.

चहा खाली ठेवला आणि म्हटलं, "साहेब, त्यांची चूक नाही. विमानात मी ओझं ठेवलं होतं. शेपटीत. त्यांना न सांगता."

मामंजी ताडकन उठले. "सूनबाई, आत व्हा! साहेब, पोर येडी हाय, घाबरलीय."

"वेडी नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. "हवं तर तसंच पोतं पुन्हा भरून दाखवते."

साहेबांनी कप खाली ठेवला. "दाखवा," एवढंच म्हणाले.

पडवीत कांद्याचा तराजू टांगलेला होता. मी पोतं भरलं. आत्याबाई उठून आल्या, त्यांनी तसलीच दुसरी ढेप आणली, शेंगा आणल्या, डबा आणला आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिनं ठेवलं, पर मी ठेवाय लावलं. आधी माझं नाव लिवा." मामंजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. काटा स्थिर झाला तेव्हा सगळं मिळून मणाला एखादा शेर कमी भरलं, म्हणजे आजचे छत्तीसेक किलो.

साहेबांनी पारड्यातली वजनं स्वतः पुन्हा मोजली. "का ठेवलंत?"

"त्याची बायकू सातव्या म्हयन्यात हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तिला पाठवलं व्हतं."

त्यांनी वहीत लिहिलं. फौजदारांनी काही विचारायला तोंड उघडलं तर साहेबांनी हाताने थांबवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मागचं दार बघून निघणं त्याचं काम होतं, त्याबद्दल त्याला काही महिने बसवतील. पण लायसन जाणार नाही. बाई, तो पुण्याला दवाखान्यात आहे. माझा कागद पोचायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन त्याला हे सांगा."

ते गेल्यावर मामंजी मला काय बोलतील म्हणून मी आत जाऊन बसले. ते माजघराच्या दारात आले. "उद्या सकाळची एसटी हाय," म्हणाले. "ठाव हाय न्हवं दवाखाना?" मी नाही म्हटलं. "मंग मीबी येतो." एवढंच. पण गावात पुढची दोन वर्षं ते पंचांच्या बैठकीला गेले नाहीत.

दवाखान्यात मामंजी खालीच थांबले. आत्याबाई आणि मी वर गेलो. पाहुण्याचा पाय वर टांगलेला, जबड्याला पट्टी. शेजारी स्टुलावर त्याची बायको बसली होती. मी मनात धरली होती त्याहून ती बारीक होती, पोट तेवढं मोठं. आम्हाला बघून तिने उठून आत्याबाईंना स्टूल दिलं. पाहुण्याने हात जोडले. पट्टीमुळे त्याला हळूहळू बोलावं लागत होतं. म्हणाला, "आई, तुम्हाला फार त्रास झाला माझ्यामुळे. मी आता विमान सोडलं. पिंपरीला कारखान्यात कारकुनाची जागा आहे, अर्ज लिहून ठेवलाय. डोळे मिटले की तेच दिसतं. दांडा पुढे ढकलतोय, पूर्ण ढकलतोय, आणि शेपटी उठत नाही. रोज रात्री. माझे हात चुकले आणि कुठे चुकले तेच मला कळत नाही. ज्याला ते कळत नाही त्याने दुसऱ्याला शिकवू नये."

मीच सांगितलं. कडी, पोतं, ढेप, डबा, मणाला शेर कमी. सांगताना मी त्याच्या पायाकडे बघत होते. आता तो ओरडेल, शिव्या देईल, द्याव्यातच, असं वाटत होतं.

आवाज आला म्हणून वर बघितलं तर तो हसत होता. जबडा दुखत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "मणभर? शेपटीत? अहो वहिनी, मग ती कशाला उठेल! मोठमोठ्यांच्या हातून उठणार नाही!" त्याने दोन्ही हात स्वतःसमोर धरले आणि उलटेसुलटे करून बघितले. "म्हणजे माझे हात नाहीत चुकले. अगं, ऐकलंस का? माझे हात नाहीत चुकले!"

पण स्टुलापाशी त्याची बायको नव्हती.

आत्याबाई त्याच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. मी बाहेर आले. ती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. मी जवळ गेले आणि म्हटलं, "माझी चूक झाली. क्षमा करा."

"लाडू पाठवल्याबद्दल नका म्हणू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "मी त्या विमानाच्या तारा दुरुस्त झालेल्या बघितल्यात, मोडलेल्या बघितल्यात. लग्न झाल्यापासून हे घरी येईपर्यंत मी जेवत नाही. परवा यांनी तो अर्ज लिहिला तेव्हा मला पहिल्यांदा पोटभर झोप लागली. पाय मोडला, पण मोकळी झाले असं वाटलं. तुम्ही थोडं उशिरा आला असतात तर चाललं नसतं का?"

आतून त्याचा आवाज येत होता. तो आत्याबाईंना विचारत होता, मांडीचं हाड किती दिवसांत जुळतं.

तिने पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. मी दारातून बघितलं. तिने उशीखालचा अर्जाचा कागद काढला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "चार महिने तरी लागतील म्हणतात डॉक्टर. तोवर हा फाडायची घाई करायची नाही."